एकसष्टाचे उत्तर

भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, शके १०७२ मध्ये म्हणजे इ. स. ११५० साली, ‘सिद्धान्तशिरोमणी’ पुरा केला. त्याच्या ‘बीजगणित’ या भागात ‘चक्रवाल’ नावाच्या रीतीचे प्रकरण आहे आणि तिथे त्यांनी वाचकाला मित्र म्हणून हाक मारून दोन प्रश्न घातले आहेत. असा कोणता वर्ग आहे, की त्याला ६७ने गुणून एक मिळवला तर पुन्हा वर्गच येतो? आणि ६७च्या जागी ६१ घेतले तर? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ५,९६७ आणि ४८,८४२. दुसऱ्याचे उत्तर २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९. यातल्या धाकट्या संख्येचा वर्ग करून त्याला ६१ने गुणले आणि त्यात एक मिळवला, की थोरल्या संख्येचा वर्ग तंतोतंत येतो. याहून लहान पूर्णांकांत हे जमत नाही. शून्य आणि एक ही जोडी तेवढी बसते, पण तिच्यात काही शोधण्यासारखे नाही. एक अब्ज शहात्तर कोटींच्या घरातली ही संख्या बाराव्या शतकात सह्याद्रीच्या आसऱ्याने राहणाऱ्या एका गणितज्ञाच्या ग्रंथात एकही आकडा न चुकता आली आहे. अशी संख्या हा इतिहासाचा पुरावा असतो. तो कशाचा आहे आणि कशाचा नाही, हे नेमके ठरवणे मला महत्त्वाचे वाटते, कारण भास्कराचार्यांचे नाव निघाले की ‘युरोपच्या पाचशे वर्षे आधी’ एवढे म्हणून आपण थांबतो. ते विधान खरे आहे. पण पाचशे वर्षांचा हिशेब हा या कामाचा सर्वांत उथळ भाग आहे, आणि त्यावरच थांबल्याने खरे काम न पाहताच आपण त्याचा अभिमान बाळगतो.

आधी हा प्रश्न किती फसवा आहे ते पाहू. ६० घेतले तर उत्तर चुटकीसरशी मिळते: ४चा वर्ग १६, त्याची साठपट ९६०, एक मिळवला की ९६१, म्हणजे ३१चा वर्ग. ६२ घेतले तर ८ आणि ६३. ६३ घेतले तर १ आणि ८. या शेजाऱ्यांच्या मधोमध ६१ बसला आहे आणि त्याचे सर्वांत लहान उत्तर दहा अंकी आहे. गुणक जरा बदलला की उत्तर अंदाजाच्या पलीकडे उडी घेते, आणि ही उडी कुठे येणार हे गुणकाकडे नुसते पाहून कळत नाही. शंभराच्या आतल्या सगळ्या गुणकांत ६१चे उत्तर सर्वांत मोठे आहे. त्याच्यावर मात करणारा पुढचा गुणक थेट १०९. आता कोणी म्हणेल, चिकाटीचा माणूस एकेक संख्या तपासत गेला असेल. धाकटी संख्या एकपासून सुरू करून दर मिनिटाला एक या वेगाने रात्रंदिवस तपासत गेले, तर २२ कोटी ६१ लाखांच्या पुढे पोचायला सुमारे ४३० वर्षे लागतात. ११५०मध्ये बसलेला माणूस १५८०च्या आसपास उठला असता. शिवाय आठ-नऊ अंकी संख्येचा वर्ग करून, त्याला ६१ने गुणून, आलेल्या सोळा ते एकोणीस अंकी संख्येचे मूळ पूर्ण निघते का हे पाटीवर पाहायला एक मिनिट मुळीच पुरत नाही. तेव्हा पहिली गोष्ट निर्विवाद आहे. ज्याने ही संख्या लिहिली त्याच्या हाती रीत होती. चाचपडत जाऊन इथे कोणी पोचत नाही.

ती रीत कुठून आली? तिचा पाया भास्कराचार्यांच्या पाचशेहून अधिक वर्षे आधी, इ. स. ६२८च्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त ब्रह्मगुप्ताने घातला. या प्रकारच्या प्रश्नाला ‘वर्गप्रकृती’ म्हणत. गुणक म्हणजे प्रकृती, धाकटी संख्या कनिष्ठ पद, थोरली ज्येष्ठ पद, आणि मिळवायचा किंवा वजा करायचा आकडा म्हणजे क्षेप. ब्रह्मगुप्ताच्या ध्यानात आले की क्षेप एक असण्याचा हट्ट सुरुवातीला सोडून द्यावा. एका क्षेपाची एक जोडी आणि दुसऱ्या क्षेपाची दुसरी जोडी हाती असेल, तर त्यांचा वज्राभ्यास, म्हणजे तिरकस गुणाकार, करून बेरीज घेतली की नवे कनिष्ठ मिळते. ज्येष्ठांच्या गुणाकारात प्रकृतीने गुणलेला कनिष्ठांचा गुणाकार मिळवला की नवे ज्येष्ठ मिळते. आणि नवा क्षेप हा दोन्ही क्षेपांचा गुणाकार असतो. या जोडणीला त्याने ‘भावना’ म्हटले. आजच्या गणिताच्या भाषेत सांगायचे तर त्याने उत्तरांच्या समूहावर एक क्रिया बसवली. सुटी सुटी उत्तरे शोधण्याऐवजी उत्तरांपासून उत्तरे निपजवण्याची ही कल्पना सातव्या शतकातली आहे, हे वाचताना आजही मला थांबावे लागते. त्याने स्वतः ९२चा प्रश्न घातला आणि तो वर्षभरात सोडवणाऱ्याला गणक म्हणावे असे म्हटले. उत्तर १२० आणि १,१५१ आहे. भावनेने ते काही ओळींत निघते.

पण भावनेला एक मर्यादा होती. क्षेप एक, दोन किंवा चार (धन वा ऋण) आला तर तिथून उत्तरापर्यंत जाता येते. तसा क्षेप हाती कसा आणायचा याचा नियम नव्हता. ही उणीव चक्रवालाने, म्हणजे चाकासारख्या फिरत्या रीतीने, भरून काढली. ६१च्या उदाहरणात भास्कराचार्य सुरुवात अगदी साध्या जोडीने करतात: कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३, कारण ६१ आणि ३ मिळून ६४. आता अशी एक संख्या शोधायची, की कनिष्ठाला तिने गुणून त्यात ज्येष्ठ मिळवले तर बेरजेला क्षेपाने पूर्ण भाग जावा. हे काम कुट्टक या रीतीचे, आणि ते आर्यभटापासून चालत आलेले होते. इथे ४, ७, १० अशा अनेक संख्या चालतात. त्यांतून जिचा वर्ग ६१च्या सर्वांत जवळ जातो ती घ्यायची. ४चा वर्ग ४५ने दूर, १०चा ३९ने, ७चा फक्त १२ने. म्हणून ७. आठ आणि सात पंधरा, तिनाने भागून ५, हे नवे कनिष्ठ. बाराला तिनाने भागून ४, आणि ४९ हे ६१हून कमी असल्याने ते ऋण; हा नवा क्षेप. नवे ज्येष्ठ ३९. ताळा पाहायचा तर ३९चा वर्ग १,५२१ आणि २५ची एकसष्टपट १,५२५, फरक चार. चाक एकदाच फिरले आणि क्षेप चारवर आला. आता चक्रवाल बाजूला ठेवून भावना हाती घ्यायची. दोन्ही पदे निम्मी केली की क्षेप ऋण एक होतो, फक्त पदे अपूर्णांकात राहतात: अडीच आणि साडेएकोणीस. या जोडीची स्वतःशी भावना केली की १९५/२ आणि १,५२३/२, क्षेप एक. त्यांची पुन्हा पहिल्या जोडीशी भावना केली की अपूर्णांक नाहीसे होतात: ३,८०५ आणि २९,७१८, क्षेप ऋण एक. आणि या जोडीची स्वतःशी भावना केली की २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९, क्षेप एक. सारे काम एका पाटीवर मावते.

या मार्गाच्या खुणा त्या संख्येच्या अंगावरच आहेत. १,७६,६३,१९,०४९मधून एक वजा करा: उरते ती २९,७१८च्या वर्गाची दुप्पट. एक मिळवा: येते ती ३,८०५च्या वर्गाची एकशे बावीसपट, म्हणजे ६१ची दुप्पट पट. ती स्वतः मूळ (अविभाज्य) संख्या नाही. तिचे अवयव पाडले तर १,५२३ आणि ११,५९,७६३ निघतात, आणि हा १,५२३ म्हणजे गणिताच्या मधल्या पायरीवर दिसलेलाच आकडा. धाकट्या संख्येच्या आत तर ३,८०५ आणि २९,७१८ दोन्ही बसले आहेत. त्यांच्या गुणाकाराची दुप्पट म्हणजेच ती. हे पाहून असे म्हणण्याचा मोह होतो, की संख्येनेच आपला प्रवास जपून ठेवला आणि म्हणून भास्कराचार्यांची रीत संख्येवरूनच सिद्ध होते. हा युक्तिवाद मात्र टिकत नाही. हे गुणधर्म संख्येचे आहेत, ती शोधणाऱ्याचे नाहीत. उद्या कोणी यंत्राने एकेक संख्या तपासत गेला आणि तिच्यापर्यंत पोचला, तरी तिचे अवयव हेच राहणार. ६१च्या वर्गमुळाचा परंपरित अपूर्णांक मांडला तर त्याचा आवर्त अकरा पदांचा निघतो आणि त्या वाटेने बावीस पायऱ्या चढून हीच संख्या मिळते. म्हणून संख्येचा पुरावा रीत होती एवढ्यापुरता घ्यावा. रीत कोणती होती याचा पुरावा ग्रंथात आहे: नियम दिला आहे आणि उदाहरणाच्या उकलीत मधले आकडे मांडले आहेत. संख्या आणि ग्रंथ एकमेकांचा ताळा देतात, म्हणून हे प्रकरण इतके भक्कम आहे. प्राचीन विज्ञानाविषयीच्या पुष्कळ दाव्यांना यातला एकही आधार नसतो.

पाच शतकांनी हाच ६१ फ्रान्समध्ये उगवला. फेब्रुवारी १६५७मध्ये पिएर द फर्माने युरोपातल्या, विशेषतः इंग्लंडमधल्या, गणितज्ञांना आव्हान दिले: वर्ग नसलेली कोणतीही संख्या घ्या, तिने गुणून एक मिळवल्यावर वर्ग देणारे असंख्य वर्ग असतात, ते शोधण्याचा सर्वसाधारण नियम सांगा. फ्रेंच गणितज्ञ फ्रेनिक्लला लिहिताना, फार कष्ट पडू नयेत म्हणून लहान संख्या देतो असे म्हणत त्याने ६१ आणि १०९ पुढे केले. १०९चे सर्वांत लहान उत्तर पंधरा अंकी आहे! इंग्लंडमध्ये लॉर्ड ब्राउन्करने आधी अपूर्णांकातली उत्तरे पाठवली. ती सोपी असतात. फर्माने ती मानली नाहीत. मग ब्राउन्करने पूर्णांकांची रीत शोधली, गणितज्ञ वॉलिसने ती मांडली आणि १६५८मध्ये सारा पत्रव्यवहार छापला. फ्रेनिक्लने दीडशेपर्यंतच्या गुणकांची उत्तरे काढून, ३१३ तुमच्या आवाक्याबाहेरचा ठरेल अशा अर्थाचे डिवचले, तेव्हा ब्राउन्करने तोही सोडवून दाखवला. त्याचे ज्येष्ठ पद सतरा अंकी आहे. पुढे ऑयलरने या समीकरणाला चुकून जॉन पेलचे नाव दिले आणि तेच पाठ्यपुस्तकांत रूढ झाले. ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य तर राहोच, ब्राउन्करचाही हक्क गेला.

दोघांनीही ६१च निवडला, हा योगायोग असू शकतो का? भारतातून ही विद्या फर्मापर्यंत पोचली असली पाहिजे, असे या साम्यावरून अनेकदा सुचवले जाते. कालक्रम आड येत नाही: शहाजहानच्या काळात, १६३४-३५मध्ये, अताउल्ला रश्दीने ‘बीजगणिता’चे फारसी भाषांतर केले होते आणि व्यापारी गलबते सुरतेहून युरोपात जात होती. पण वाट असणे वेगळे आणि तिच्यावरून कोणी चालत गेल्याचे दिसणे वेगळे. फर्माच्या पत्रांत भारतीय पद्धतीचा मागमूस नाही. ‘बीजगणित’ इंग्रजीत आले ते १८१३मध्ये स्ट्रॅचीने त्या फारसीवरून आणि १८१७मध्ये कोलब्रुकने संस्कृतावरून केलेल्या भाषांतरांतून. आणि खुद्द साम्याचे उत्तर गणितातच मिळते. लहान गुणकांत ज्यांची उत्तरे आधीच्या सगळ्यांहून मोठी होतात अशी यादी केली, तर तिच्यात ५३ नंतर ६१ येतो आणि ६१ नंतर १०९. फर्माने नेमके हे दोन सलग उच्चांक उचलले. आपल्या रीतीचे सामर्थ्य दाखवू पाहणारा कोणीही, कुठल्याही शतकात, शंभराच्या आत शोधू लागला तर ६१वरच येऊन थांबेल. उसनवारीचा तर्क इथे लागतच नाही, आणि मला यात कमीपणाही दिसत नाही. उलट त्यातून भास्कराचार्यांविषयी एक अधिक मोलाची गोष्ट हाती लागते: ६१ हा सर्वांत अवघड आहे हे त्यांना, किंवा ज्यांच्याकडून उदाहरण त्यांच्यापर्यंत आले त्यांना, ठाऊक असावे. इतर गुणक सोडवून, उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय हे कळत नाही. फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेय, ज्यांनी १९३०च्या सुमारास अलीगढला अध्यापन केले होते, त्यांनी संख्यासिद्धान्ताच्या आपल्या इतिहासात लिहिले आहे की हा प्रश्न भारतात केव्हाच सुटला आहे हे कळते तर फर्मा आश्चर्याने थक्क झाला असता. ते आश्चर्य दोन स्वतंत्र वाटा एका ठिकाणी आल्याचे आहे.

श्रेय एकट्या भास्कराचार्यांना द्यावे का, हा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो मान्यच केला पाहिजे. भावना ब्रह्मगुप्ताची. चक्रवालही भास्कराचार्यांनी शोधला असे त्यांचे स्वतःचे म्हणणे नाही. ज्ञात्यांनी याला हे नाव दिले आहे असेच ते लिहितात, आणि ग्रंथाच्या शेवटी ब्रह्मगुप्त, श्रीधर, पद्मनाभ यांच्या विस्तृत ग्रंथांचे सार आपण काढले असे नमूद करतात. १९५४मध्ये कृपाशंकर शुक्ल यांनी पहिल्या भास्कराच्या ‘लघुभास्करीया’वरील उदयदिवाकराच्या ‘सुन्दरी’ टीकेतला एक भाग उजेडात आणला. टीका १०७३ची आहे आणि तिच्यात जयदेव नावाच्या आचार्याचे श्लोक उद्धृत आहेत. त्या श्लोकांत चक्रवालाची संपूर्ण रीत आहे. म्हणजे रीत भास्कराचार्यांहून निदान पाऊणशे वर्षांनी जुनी. यामुळे त्यांचे मोल कमी होते असे ज्यांना वाटते ते गणिताकडे एकट्या वीराची कथा म्हणून पाहतात. सातव्या शतकातली भावना, जयदेवाचे चाक, भास्कराचार्यांनी निवडलेले उदाहरण आणि नीट मांडलेली उकल, चौदाव्या शतकात नारायण पंडिताने याच पदांचा वर्गमुळे काढण्यासाठी केलेला उपयोग, ही सातशे वर्षे चाललेली सलग परंपरा आहे. त्या उपयोगाची ताकद आपल्या संख्येवरही पाहता येते: १,७६,६३,१९,०४९ला २२,६१,५३,९८०ने भागले तर ६१चे वर्गमूळ दशांशचिन्हापुढे सतरा स्थळांपर्यंत बरोबर येते. ग्रीकांचाही दाखला देतात. आर्किमिडीजच्या नावावर असलेला गुरांचा प्रश्न, जो १७७३मध्ये लेसिंगने प्रसिद्ध केला, याच जातीचा आहे आणि त्याच्या सर्वांत लहान उत्तराला २,०६,५४५ अंक लागतात. प्रश्न प्राचीन आहे हे खरे. पण त्या प्रश्नाबरोबर कोणती रीत होती हे सांगणारा ग्रीक मजकूर आपल्यापाशी नाही. फर्मानेही प्रश्न मागे ठेवला आणि रीत सांगितली नाही. ‘बीजगणिता’त प्रश्न, रीत आणि उत्तर तिन्ही एका जागी आहेत.

ही परंपरा इथल्या मातीत कशी जगली याचा एक दगडी दाखला आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या देवळात भाऊ दाजी लाड यांना एक शिलालेख सापडला आणि १८६५मध्ये त्यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ आहे, आणि त्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचे लिहिले आहे. मठाला निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने शके ११२८मध्ये दान दिले. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, पण मठाला द्यायच्या उत्पन्नाचा तपशील जुन्या मराठीत आहे. व्यवहाराची बाब लोकांना समजेल अशा भाषेत लिहिली गेली. ६१चे उदाहरण त्या मठात शिकवले गेले असणार, कारण ‘सिद्धान्तशिरोमणी’ शिकवणे हेच त्याचे प्रयोजन होते.

शेवटचा आक्षेप सर्वांत धारदार आहे आणि तो गणितज्ञांचा आहे. चक्रवाल नेहमी थांबतो कशावरून? प्रत्येक वेळी जवळचा वर्ग निवडत गेले तर क्षेप लहान राहतो हे दिसते, पण तो कधीतरी एकवर येईलच, हे भास्कराचार्यांनी कुठे सिद्ध केले आहे? कुठेही नाही. कृष्ण दैवज्ञाने सतराव्या शतकाच्या उंबरठ्यावर ‘बीजपल्लव’ टीकेत उपपत्ती दिल्या, तरी ‘प्रत्येक प्रकृतीला उत्तर असतेच’ हे विधान सिद्ध झाले ते १७६८च्या सुमारास, गणितज्ञ लाग्रांजच्या हातून. वॉलिसच्या युक्तिवादातही हीच फट होती आणि ती लाग्रांजने दाखवली. हा भेद झाकू नये. रीत चालते हे जाणणे आणि ती चालणारच हे सिद्ध करणे या दोन पायऱ्या आहेत. दुसरी पायरी लाग्रांजची आहे आणि तिचा मान त्याचाच. पण लाग्रांजच्या सिद्धतेमुळे पहिली पायरी गौण ठरत नाही. एकोणिसाव्या शतकातला जर्मन इतिहासकार हान्केल, ज्याला भारतीय गणिताची भलामण करण्याचे काही कारण नव्हते, त्याने लाग्रांजपूर्वीच्या संख्यासिद्धान्तातले सर्वांत सुंदर काम म्हणून चक्रवालाचाच गौरव केला. मात्र पुढे बराच काळ असे समजले जाई, की चक्रवाल म्हणजे युरोपीय परंपरित अपूर्णांकांचेच वेगळ्या वेषातले रूप, तेव्हा लाग्रांजची सिद्धता त्यालाही आपोआप लागू पडते. हे बरोबर नव्हते. दर वेळी सर्वांत जवळचा वर्ग निवडण्याच्या नियमामुळे चक्रवाल वेगळ्याच अपूर्णांकावरून चालतो आणि बहुधा कमी पायऱ्यांत संपतो. १९२९-३०मध्ये म्हैसूरचे गणिताचे प्राध्यापक ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी हा फरक दाखवला आणि चाक कुठल्याही प्रकृतीवर फिरवले तरी ते शेवटी क्षेप एकवर येतेच, हे चक्रवालाच्याच नियमांवरून सिद्ध केले.